एकुलता कान

माझा उजवा कान मी दुसरीत असतानाच गेला. गालफुगी झाली होती. गाल उतरले आणि जाताना कान घेऊन गेले. तो दिसायला जागच्या जागी आहे, चष्म्याची काडी अडकवायला उपयोगी पडतो, पण त्याच्याशी ढोल वाजवला तरी आत काही पोचत नाही. पन्नाशी ओलांडेपर्यंत माझं सगळं ऐकणं एकट्या डाव्या कानावर चाललं.

आणि त्या एकुलत्या एका कानात रोग झाला.

ज्यांचा कान अधूनमधून वाहतो, आणि 'वाहतोय तर वाहू दे, दुखत तर नाही ना' असं म्हणून जे कापूस घालून कामाला लागतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी त्यातलाच एक अट्टल माणूस होतो. शेवटी काय झालं ते आधी सांगत नाही. मलाही ते बरेच आठवडे माहीत नव्हतं, आणि या आजारातला सगळ्यात वाईट भाग तोच होता.

•

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा सुप्याच्या अलीकडच्या एका गावात, घर पारनेरला. मुलांचे आईबाप बहुतेक एमआयडीसीत पाळ्यांवर जातात. घरात आम्ही दखनी आणि मराठी अशी मिसळ बोलतो. इथे मराठीतच लिहितो, ती माझी रोजच्या फळ्यावरची भाषा आहे.

एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. हे गुपित माझ्या प्रत्येक वर्गाने पहिल्या आठवड्यातच ओळखलं. मागच्या बाकावरून मांजर ओरडायचं आणि मी खिडकीकडे बघायचो. घरी मात्र सगळे शहाणे होते. जेवताना, रस्त्याने चालताना, एसटीत बसताना माझी बायको शमीम न चुकता माझ्या डाव्या हाताला असायची. मुलगी नसरीन चालायला लागली तीसुद्धा माझ्या डाव्या बोटाला धरून.

या एका कानाचा एक मोठा फायदाही होता. डाव्या कुशीवर झोपलो की चांगला कान उशीत जायचा आणि जग बंद. दुपारची वामकुक्षी असो की शमीमशी झालेला वाद असो, मी कूस बदलायचो. ती म्हणायची, "लावली का कडी?" ते मला ऐकू यायचं नाही, पण ती काय म्हणाली असेल ते पाठ होतं.

•

आमच्याकडे जुम्म्याच्या नमाजला जाताना कानात अत्तराचा फाया ठेवतात. काडीला चिमूटभर कापूस गुंडाळायचा, अत्तरात बुडवायचा आणि कानाच्या वरच्या पाळीच्या घडीत खोचायचा. माझे वडील ठेवायचे, मीही ठेवतो. उन्हाळ्यात खस, थंडीत हिना.

काही वर्षांपूर्वी डावा कान वाहायला लागला. फार नाही, सकाळी उशीला डाग पडण्याइतका. त्याला वास होता. पारनेर तालुक्यात राहणाऱ्याला तो वास समजावून सांगायला नको. कांद्याच्या चाळीत तळाशी एखादा कांदा नासला की जो येतो, तोच. गावातल्या दवाखान्यातून थेंब आणले की कान सुकायचा, थेंब संपले की पुन्हा सुरू.

मग मी एक युक्ती काढली. घडीतला फाया काढून सरळ कानाच्या भोकात बसवला. ओलही टिपली जायची आणि वासही झाकायचा. एका दगडात दोन पक्षी. जुम्म्याचा फाया रोजचा झाला. सकाळी आंघोळ, फाया, डबा, गाडी. गावात लोक म्हणायचे, "शेख सर लई शौकीन माणूस." मला ते आवडायचं.

शमीमने एकदोनदा विचारलं, "अवो, तुमी अत्तर लावता का भरता?" मी हसण्यावारी नेलं.

पहिल्यांदा बोलले ते आमचे ठुबे सर. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं एकाच बाकावर डबा खायचो. ते हळूहळू लांब सरकले आणि मग दुसऱ्या खोलीतच बसायला लागले. मी समजलो, मतदार याद्यांच्या कामावरून रुसले असतील. महिनाभराने त्यांनीच मला व्हरांड्यात गाठलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सर, राग मानू नका. तुमच्या कानाचा वास येतोय. अत्तराच्या खालून येतोय. माझ्या बैलाच्या शिंगाला किडा लागला व्हता, तवा असाच यायचा. बैल नंतर गेला."

मी त्यांच्यावर रागावलो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभं राहून फाया जरा जोरात आत दाबला, आणि समोरची भिंत धावायला लागली.

भिंत, आरसा, खिडकी, सगळं डावीकडून उजवीकडे. मी खाटेवर पडलो. पाय जमिनीला लागतच नव्हते. शमीम तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आली. थोड्या वेळाने सगळं थांबलं. मी शिक्षक माणूस, प्रयोग एकदाच करून निष्कर्ष काढत नाही. दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून, काठ धरून, पुन्हा हळूच दाबलं. भिंत पुन्हा धावली.

तेव्हा मी घाबरलो. कानात बोट घातल्याने घर फिरत असेल, तर मधलं काहीतरी नाहीसं झालेलं होतं.

•

पाटी अहिल्यानगरची झाली असली तरी आमच्या तोंडात अजून नगरच आहे. तर आम्ही नगरला गेलो. कानाच्या डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चिमट्याने आधी कापूस बाहेर काढला. एक तुकडा सकाळचा होता. त्याच्यामागे आणखी एक निघाला, तो कधीचा होता देव जाणे. बाईंनी तो नाकाशी नेला.

"खस?"

"हो," मी म्हणालो.

"चांगलं आहे. पुन्हा घालू नका."

मग त्यांनी कानात दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर माझ्या कानाचा आतला भाग दिसायला लागला. मला वाटलं होतं लाल काहीतरी असेल, जखमेसारखं. होतं ते पांढरं. ओलसर, चकचकीत, थरावर थर. मोत्यासारखं दिसत होतं. क्षणभर मला ते सुंदर वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाईंनी नाव सांगितलं, कोलेस्टिएटोमा. नाव कोलेस्टेरॉलसारखं वाटलं, म्हणून शमीमने आधी माझ्या भज्यांवर संशय घेतला. बाई म्हणाल्या, खाण्याचा संबंध नाही. ही कातडी आहे. साधी, तुमचीच.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो. आपली कातडी रोज वरून मरते आणि खालून नवी होते. मेलेले पापुद्रे गळून जातात. कानातली कातडी तर फार शिस्तीची. ती पडद्यावरून हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत येते आणि आपला कचरा आपणच दाराशी आणून टाकते. माझ्या कानाचा पडदा एका कोपऱ्यात आत ओढला गेला आणि तिथे खिसा झाला. खिशातल्या कातडीला बाहेर यायला वाट नाही. ती तिथेच वाढते, तिथेच मरते, आणि पापुद्र्यावर पापुद्रा साचत जातो. त्यात ओल धरते, जंतू होतात, सूज येते. सुजलेल्या जागेतल्या पेशी शेजारच्यांना निरोप धाडत राहतात. हाडात काही पेशी अशा असतात की त्यांचं कामच जुनं हाड विरघळवणं. एरवी त्या डागडुजीपुरतं काम करतात आणि गप्प बसतात. इथे निरोप थांबतच नाहीत, म्हणून त्याही थांबत नाहीत.

"म्हणजे हाड खातं?" मी विचारलं.

"हो. थोडं थोडं. ऐकण्याची बारीक हाडं बरीचशी गेली आहेत. आणि चक्कर येते त्याअर्थी तोल सांभाळणाऱ्या नळीची भिंतही झिजली असणार."

शमीमने पदर तोंडाशी धरला. "बाई, म्हंजी क्यान्सर हाय का?"

"नाही. कॅन्सर नाही."

"मग खातंय कशाला?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "घाबरू नका, ऑपरेशनने निघतं. नेहमी करतो आम्ही." मग लिहिता लिहिता सहज विचारलं, "उजवा कान कसा आहे?"

"उजवा नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"लहानपणीच गेला. ऐकतो तो हाच."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी उजव्या कानात पाहिलं, मग काचेच्या खोलीत बसवून तपासणी करून घेतली, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. आतापर्यंत त्या शमीमकडे बघून बोलत होत्या. आता माझ्या तोंडासमोर आल्या आणि सावकाश बोलायला लागल्या.  ठार बहिऱ्या माणसाशी असं बोलतात.

•

स्कॅननंतर चित्र स्पष्ट झालं. ऑपरेशन केलं नाही तर ते खात राहणार. पुढे चेहऱ्याची नस आहे, वर मेंदू आहे, आणि कान तर जाणारच. ऑपरेशन केलं तर ते काढताना कान तिथेच जाऊ शकतो. तोलाच्या नळीला जिथे भोक पडलंय, तिथे तो पांढरा पापुद्राच झाकण होऊन बसला होता. तो ओढला तर आतला पाण्याचा थेंब हलणार, आणि त्या थेंबातच माझं ऐकणं होतं.

"दुसरा कान असता तर मी एवढा विचार केला नसता," बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत शमीम डावीकडे बसली होती. सुपा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला तर तिच्या बोलण्याची इतकी भूक लागली होती की ती कंडक्टरशी तरी भांडावी असं वाटत होतं.

पुढचे दिवस घरात नुसती धुसफूस. नसरीन पुण्याहून आली. ती तिथे औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे घरात तिचाच शब्द शेवटचा असं तिला वाटतं. मोबाईलवर रात्रंदिवस वाचून ती म्हणाली, "अब्बा, ऑपरेशनला उशीर करायचा नाही." शमीम म्हणाली, "हाय तेवढं ऱ्हाऊ द्या. हात लावला आन् गेलं तर कुनाला जाब इचारायचा?"

"अम्मी, मेंदूला गेलं तर?"

"तू मेंदूचं नाव घिऊ नगंस."

"मी नाव घेतलं नाही म्हणून ते थांबणार आहे का?"

मी मधे बसलेलो. भांडण माझ्या कानावरून, आणि ऐकतही मीच होतो. नेहमीप्रमाणे उठलो, आत जाऊन डाव्या कुशीवर पडलो, कान उशीत दाबला. कडी लावली.

आणि उठून बसलो.  आयुष्यभर मी त्या शांततेला आराम समजत आलो, कारण मान उचलली की ती संपायची. त्या दिवशी कळलं की ती न संपणारी झाली तर कशी असेल. माणूस जिवंतपणी मातीखाली. बाहेर दोघी भांडत होत्या, आणि मी दारात उभा राहून अधाशासारखं ऐकत राहिलो. त्यानंतर मी डाव्या कुशीवर झोपूच शकलो नाही.

शाळेत मी एक मूर्खपणा करून बघितला. कानावर तळवा दाबून मुलांचे ओठ वाचायचा सराव. पाढे चालू होते. मला वाटलं, पाढे तर मला पाठ आहेत, ते तरी ओळखता येतील. चाळीस तोंडं एकदम हलत होती आणि सगळी काहीतरी चघळत असल्यासारखी दिसत होती. मी तळवा काढला तेव्हा समजलं, पाढे कधीच संपले होते आणि मुलं आपापसात गप्पा मारत होती.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला आणि ऑपरेशनला हो म्हणालो. शूर होतो म्हणून नाही. दोन भीतींपैकी एक निदान तारीख ठरवून येणारी होती.

•

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी रक्त, मग चहा, मग वाट बघणं. न्हाव्याने कानामागचे केस काढले, डोकं अर्धं सोललेल्या नारळासारखं दिसायला लागलं. आमच्या वॉर्डाच्या सिस्टर सुहासिनी नगरच्याच ख्रिस्ती कुटुंबातल्या, पन्नाशीच्या, आवाजाने खणखणीत. त्यांना कळलं की माझा एकच कान आहे, तेव्हापासून त्या बाकीच्यांशी हळू आणि माझ्याशी मुद्दाम मोठ्याने बोलायच्या. "अजून ऐकू येतंय हो सिस्टर," मी म्हणायचो. "माहितेय. साठवून ठेवा," त्या म्हणायच्या. क्रूर वाटेल, पण त्या वॉर्डात माझ्या भीतीचं नाव घेणारी तेवढी एकच बाई होती. बाकी सगळे 'काही होत नाही' म्हणत होते.

स्ट्रेचरवरून नेताना शमीम सवयीने डावीकडे चालत होती. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी ती वाकली. मला वाटलं, आता ही काहीतरी सांगेल, आणि कदाचित मी ऐकलेला तिचा तो शेवटचा शब्द असेल.  तिने माझ्या कानाला हात लावला, जपून, आणि दार बंद झालं.

आत गार होतं. माझ्या डोक्याशी दोघं जण एसीचं पाणी गळतंय याबद्दल बोलत होते. एक म्हणाला, "बादली ठेव की मग." मी मनात कलमा म्हणत होतो, पण मधूनमधून हाच विचार येत होता की माझ्या ऐकण्याचा शेवट बादलीवर होऊ नये. मग काही राहिलं नाही.

•

शुद्धीवर आलो तेव्हा सिस्टर सुहासिनी माझ्या तोंडावर वाकून दात दाखवत होत्या.

मी बघत राहिलो. त्यांनी गाल फुगवले. डोळे घट्ट मिटले, उघडले. पुन्हा दात. मला वाटलं, मी मेलोय आणि तिकडे वेडेच भेटतात. मग लक्षात आलं, त्या मला तसं करायला सांगत होत्या. चेहऱ्याची नस शाबूत आहे का बघायला. मी दात दाखवले. त्यांनी हात जोडून वर बघितलं, आणि त्यांचे ओठ भराभर हलले.

आवाज नव्हता. खणखणीत सिस्टर बोलत होत्या आणि आवाज नव्हता.

डोक्याला फेट्यासारखी पट्टी होती, कानात ठासून औषधी कापड भरलेलं. हे बाईंनी आधी सांगितलं होतं. कापड निघेपर्यंत ऐकू येणार नाही, आणि कापड निघेपर्यंत कान राहिला की गेला हेही नक्की कळणार नाही. ऐकून घेताना ते सोपं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नसरीनच्या मोबाईलवर मजकूर टाईप करून दाखवला. पांढरा गोळा निघाला. भोकावरचा पापुद्रा मात्र त्यांनी हेतुपुरस्सर तसाच ठेवला, नखाएवढा. तो ओढायची हिंमत केली नाही. म्हणजे शत्रूचा एक माणूस घरात ठेवून त्याच्यावर आयुष्यभर नजर ठेवायची. मग त्यांनी ऐकणं तपासायचा लोखंडी काटा मनगटावर वाजवून माझ्या कपाळावर टेकवला आणि भुवया उंचावल्या. ऐकू येतंय का?

कपाळात काहीतरी झालं. ते गुणगुणणं होतं की नुसती थरथर, मला सांगता येईना. मी आधी मान होकारार्थी हलवली, मग नकारार्थी. पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. मला 'हो' म्हणायचंच होतं, म्हणून माझ्या 'हो'वर माझाच विश्वास नव्हता. बाईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

•

घरी आलो. वाकायचं नाही, शिंकताना तोंड उघडं ठेवायचं, डोक्यावर पाणी नाही. नमाज खुर्चीत बसून. उभं राहिलो की घर होडीसारखं कलायचं.

मी दिवसभर एकच उद्योग करायचो. चिवडा खायचो. दाण्यावर दात आला की कवटीत 'कट्' व्हायचं. मी थांबायचो. हे ऐकलं, की दाताला जाणवलं? पुन्हा एक दाणा. घरचे समजले, तब्येत सुधारतेय, भूक लागतेय. नसरीनने आणखी दोन किलो करून ठेवला आणि रजा संपली म्हणून पुण्याला गेली. मी प्रत्येक दाण्यागणिक बहिरा होत होतो आणि बरा होत होतो. शेवटी तोंड सोललं.

शमीमशी बोलणं म्हणजे पाटीवर लिहिणं. ती चौथीपर्यंत शिकलेली. 'जेवन', 'गोळी', 'ठुबे सर आले' एवढंच लिहायची. ठुबे सर आले, समोर बसले, तासभर बसले.  जाताना त्यांनी आपली खुर्ची उचलून माझ्या अगदी जवळ, डावीकडे आणून ठेवली, आणि पाच मिनिटं तिथे बसून मग गेले.

दुपारी मी उजव्या कुशीवर पडायचो, पट्टीचा कान वर. एका दुपारी मला मानेपाशी ऊब जाणवली. डोळे किलकिले करून समोरच्या कपाटाच्या आरशात बघितलं. शमीम माझ्या मागे बसली होती. पट्टीच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती बोलत होती. एक-दोन वाक्यं नाहीत, बराच वेळ. मधे थांबायची, पदराने नाक पुसायची, पुन्हा बोलायची. तिचा श्वास मानेवर यायचा, थांबायचा, यायचा. मी डोळे मिटून घेतले. रोज दुपारी असंच. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो, आणि वळून 'काय म्हणतेस' असं विचारायची माझी छाती व्हायची नाही. कारण मग ती पाटीवर 'काही नाही' लिहिणार, हे मला माहीत होतं.

ती घाबरली होती. मला इतके दिवस वाटत होतं की भीती माझी एकट्याची आहे.

•

कापड काढायच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही, चिवडासुद्धा नाही. खुर्चीत बसवलं. शमीम डावीकडे उभी होती, पण ती जागा बाईंना हवी होती म्हणून तिला पलीकडे जावं लागलं. बाई कापड ओढायला लागल्या. ते संपतच नव्हतं, जादूगाराच्या तोंडातून निघणाऱ्या पट्टीसारखं. दुखत होतं. शेवटचा तुकडा निघाला आणि मी वाट बघितली.

काहीच नाही.

बाईंनी एक बारीक नळी कानात घातली. मी त्यांच्याकडे बघत होतो, त्यांच्या मास्ककडे. मग एकाएकी कानात वादळ घुसलं. घरघर, फुरफुर, असह्य. मी खुर्चीचे हात धरले. ते यंत्र कानातली घाण ओढत होतं. यंत्र थांबलं. वादळ थांबलं. आणि त्याच्यामागून, तीन भिंतींपलीकडून यावा तसा, एक बारीक आवाज आला.

"सर, ऐकू येतंय का?"

मी बाईंकडे बघितलं. तोंडावर मास्क होता. म्हणजे ओठ दिसत नव्हते. म्हणजे हे मी वाचलेलं नव्हतं.

"पुन्हा बोला," मी म्हणालो.

"काय बोलू?"

मी रडायला लागलो. लाज वाटली नाही.

•

आता जमाखर्च सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. कान वाचला, पण पूर्वीसारखा नाही. कानामागे यंत्र लावतो, त्याने शाळा चालते. मुलं हळू बोलली की यंत्राकडे बोट दाखवतो. दर काही महिन्यांनी नगरला जाऊन कान साफ करून घ्यावा लागतो, जन्मभर. तो ठेवलेला पापुद्रा तिथेच आहे. बाई दुर्बिणीतून बघतात तेव्हा मी त्यांच्या भुवयांकडे बघतो. त्या जरा जरी वर गेल्या तरी मी खुर्चीचे हात धरतो. भीती गेली नाही. तिच्याशी ओळख झाली आहे, एवढंच.

आंघोळीला जाताना कानात कापूस घालावा लागतो, व्हॅसलिनचा. अत्तराची बाटली शमीमने स्वतःच्या ताब्यात ठेवली आहे. जुम्म्याला ती माझ्या मनगटावर बोट फिरवते, तेवढंच खस.

तुमचा कान वाहत असेल आणि वास येत असेल, तर तो झाकू नका. कोणी लांब सरकून बसत असेल, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याला विचारा. माझ्याकडे दुसऱ्याला सांगण्यासारखं शहाणपण एवढंच आहे.

कापड काढून घरी आल्यावर मी शमीमला विचारलं होतं, "दुपारी माझ्या कानात काय बोलायचीस?"

ती भाजी निवडत होती. हात थांबला. "तुमाला कसं कळलं?"

"आरशात दिसायचं."

"सांगायचं असतं तर तवा बोलले असते व्हय?" ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

मी पुढे विचारलं नाही. पण परवा दुपारी मी पडलो होतो, यंत्र काढून, चांगला कान उशीवर. पुन्हा तसं झोपायला जमायला लागलंय, फार वेळ नाही, पण जमतं. वर उजवा कान होता, दुसरीत गेलेला. त्याच्यापाशी श्वासाची ऊब जाणवली, येत, थांबत, पुन्हा येत. एवढ्या संसारात शमीम कधी त्या बाजूला बसली नव्हती.

ती बोलत होती. मी मान वळवली नाही.